धक्क्याआधी मान धरा

तीन-चार महिन्यांचं बाळ पालथं पडल्या पडल्या डोकं वर उचलतं आणि घरभर बातमी होते, ‘बाळानं मान धरली!’ तोवर त्याला कुणीही उचललं की आजीचं लक्ष त्याच्या मानेकडे असतं. ‘मानेखाली हात घाल गं,’ हे वाक्य त्या दिवसांत घरात किती वेळा ऐकू येतं! बाळानं मान धरली की तो हात निघतो आणि बहुतेक घरांत मानेचा विषयही तिथंच संपतो. पुढं मूल मैदानावर जायला लागतं. त्याचे दंड, मांड्या, पोटऱ्या यांचं कौतुक होतं. मान आठवते ती झोपेत अवघडल्यावरच.

मीही अशाच लोकांत होतो. गावातल्या शाळेच्या मैदानावर मी मुलामुलींकडून कबड्डीचा व्यायाम करून घेतो. एका संध्याकाळी नववीतला एक मुलगा चढाईपटूचा घोटा पकडायला खाली झेपावला. चढाईपटूनं पाय सोडवण्यासाठी जो हिसका दिला त्यात त्याचा गुडघा या मुलाच्या कानशिलावर बसला. डोकं एका बाजूला वळून झटक्यानं परत आलं. मुलगा लगेच उठला, कपड्यांवरची माती झटकली, ‘काही नाही झालं सर’ म्हणाला आणि जाऊन समोरच्या संघाच्या अंगणात उभा राहिला. आपली बाजू कोणती हेच त्याला समजत नव्हतं. त्याला तिथंच बाहेर घेतलं, डॉक्टरांकडे नेलं. मेंदूला धक्का बसला होता, ज्याला कन्कशन म्हणतात. सुदैवानं काही आठवड्यांत तो पूर्ण बरा झाला.

त्या रात्री एक गोष्ट मनाला लागून राहिली. त्याच्या मांड्या मी सपाट्या मारून घेऊन घडवल्या होत्या. त्याच्या मानेसाठी मी एक मिनिटही दिलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या सरावात आठवड्यातले तीन दिवस, दहा-दहा मिनिटं मानेची असतात. ती का असावीत, त्यात काय करावं आणि कशाची अपेक्षा ठेवू नये, हे या लेखात सांगतो. खेळाडू, त्यांचे पालक, रोज दुचाकी चालवणारे आणि त्यांच्या मागं बसणारे अशा सगळ्यांच्या ते उपयोगाचं आहे.

डोक्याच्या आत काय होतं?

खरवसाचा डबा डोळ्यांपुढं आणा. डबा हातात धरून एकदम गर्रकन फिरवला तर डबा आधी फिरतो, आतला खरवस मागं राहतो. कडेचा खरवस डब्याबरोबर ओढला जातो, मधला जागच्या जागी राहू पाहतो आणि या ओढाताणीत खरवसाला भेगा पडतात. डब्याला मात्र साधा पोचाही आलेला नसतो.

मेंदूचं असंच आहे. सुमारे १.३ ते १.४ किलोचा हा अवयव खरवसासारखा मऊ असतो आणि कवटीच्या आत पातळ द्रवात तरंगत असतो. डोक्याला धक्का बसतो तेव्हा कवटी आधी हलते आणि मेंदू मागाहून. सरळ रेषेतल्या धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन वळवणारा धक्का मेंदूतल्या तंतूंना जास्त ताणतो. ऑक्सफर्डच्या होलबॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानं १९४३ सालीच ही गोष्ट मांडली. जिलेटिनचा मेंदू करून त्यानं तो फिरवून पाहिला होता. म्हणूनच कपाळावर टेंगूळही न येता मेंदूला इजा होऊ शकते. ‘रक्त आलं नाही, म्हणजे काही झालं नाही’ हा आपला हिशोब तिथं चुकतो.

मग प्रश्न असा की, डोकं इतक्या वेगानं फिरू नये म्हणून त्याला धरून कोण ठेवतं? उत्तर एकच, मान.

मान कशी वाचवते?

मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं, म्हणजे एखाद्या चांगल्या कलिंगडाएवढं. हे कलिंगड सात मणक्यांच्या नाजूक दांडीवर तोललेलं आहे. दांडीला चहूबाजूंनी तणाव्यांसारखे स्नायू आहेत. आरशापुढं उभे राहा आणि मान डावीकडे वळवा. उजव्या कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत एक दोरखंड उठून दिसेल. हा पुढचा तणावा. त्याचं नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. आता तळहात मानेच्या मागं ठेवून खांदे उचला. तळहाताखाली जो जाड स्नायू फुगतो तो ट्रॅपीझियस. कवटीच्या बुडापासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत तो पसरलेला असतो. यांच्या आत, मणक्यांना लगटून, लहान लहान खोल स्नायू असतात. ते दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण एकेक मणका जागेवर ठेवण्याचं काम त्यांचंच.

हे सगळे स्नायू एकाच वेळी आवळले की डोकं आणि धड एकसंध होतात. यामागचं गणित शाळेतल्या न्यूटनच्या नियमातलं आहे. तेवढाच जोर हलक्या वस्तूला लावला तर ती जोरात उडते, जड वस्तूला लावला तर जेमतेम हलते. मान सैल असेल तर येणारा धक्का फक्त पाच किलोच्या डोक्याला भेटतो. मान आवळलेली असेल तर त्या डोक्यामागं छाती-खांद्यांचं काही वजनही उभं राहतं. धक्क्याला पाचऐवजी पंधरा किलो हलवावे लागले, तर डोक्याला मिळणारा झटका तिसऱ्या हिश्श्यावर येतो. प्रत्यक्षात मान लोखंडी कांबीसारखी ताठ होत नाही, त्यामुळं फायदा एवढा नेमका मोजता येत नाही. पण दिशा हीच आहे. रस्त्याकडेचा फलक एकाच खिळ्यावर लटकवला तर वाऱ्यानं गरगरतो, चारही कोपरे आवळून बांधला तर थरथरतो पण फिरत नाही. मानेनं डोक्यासाठी एवढंच करायचं असतं.

खरा प्रश्न वेळेचा

इथं एक अडचण आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म त्यातच आहे. गुडघा किंवा चेंडू डोक्याला लागतो तो क्षण साधारण दहा-वीस सहस्रांश सेकंदांचा असतो. मानेचा स्नायू ताणला गेल्यावर आपोआप आवळायला लागतो, पण त्याला सुरुवात करायलाच पन्नास सहस्रांश सेकंदांच्या पुढं वेळ लागतो आणि पूर्ण जोर यायला त्याहून अधिक. म्हणजे बेसावध मानेचे स्नायू कितीही दणकट असले तरी ते कामावर हजर होईपर्यंत धक्का बसून गेलेला असतो.

म्हणून मानेत ताकद हवी आणि ती वेळेआधी हजर हवी. त्यासाठी डोळे आणि कान मानेच्या मदतीला लागतात. येणारा धक्का दिसला की शरीर मान आपोआप आवळतं. अमेरिकेत शाळकरी वयाच्या आइस हॉकी खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये मापक यंत्रं बसवून अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. समोरून येणारी टक्कर आधी कळलेल्या खेळाडूंच्या डोक्याला बेसावध खेळाडूंपेक्षा सौम्य झटके बसण्याकडे कल दिसला. तालमीतल्या वस्तादांना हे यंत्राविना ठाऊक आहे. खडाखडी चालू असताना समोरच्याचा हात मानेवर पडायच्या आत पैलवानाची मान भरलेली असते. तिथं गाफील राहिलेला पुढच्या क्षणी मातीत असतो.

अभ्यास काय सांगतात?

मानेच्या ताकदीबद्दल सर्वांत जास्त चर्चा झालेला अभ्यास २०१४ चा, अमेरिकेतल्या हायस्कूल खेळाडूंवरचा. फुटबॉल, बास्केटबॉल आणि लॅक्रॉस खेळणाऱ्या ६,७०४ मुलामुलींच्या मानेची ताकद हंगामाआधी मोजली गेली. त्यासाठी महागडं यंत्र नव्हतं, हातात धरायचा साधा ताणकाटा होता. मग हंगामात कोणाला कन्कशन झालं याची नोंद ठेवली. मानेची ताकद एक पौंडानं, म्हणजे साधारण अर्ध्या किलोनं जास्त असेल, तर कन्कशनची शक्यता ५ टक्क्यांनी कमी, असा हिशोब निघाला. मुलींमध्ये कन्कशनचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त होतं आणि त्यांच्या माना सरासरीनं कमी ताकदीच्या होत्या. मुलींच्या सरावात मानेचा व्यायाम वगळणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकानं हे लक्षात घ्यावं.

रग्बीच्या जागतिक संघटनेनं २०१७ साली ‘ॲक्टिव्हेट’ नावाचा सरावापूर्वीचा व्यायामक्रम आणला. त्यात तोल, पायांची ताकद आणि मानेचे व्यायाम एकत्र आहेत. इंग्लंडमधल्या शाळांत तो तपासला गेला तेव्हा आठवड्यातून तीनदा नेमानं करणाऱ्या संघांत कन्कशन निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं. यात श्रेय एकट्या मानेचं नाही, सगळ्या क्रमाचं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ सालच्या आइस हॉकीच्याच एका अभ्यासात बळकट मानेच्या आणि कमी बळकट मानेच्या मुलांना बसलेल्या झटक्यांत फरक आढळला नव्हता. म्हणजे नुसती ताकद हमी देत नाही. ताकद, सावधपणा आणि अंगाचं योग्य तंत्र ही तीन माणसं एकत्र उभी राहिली तरच दहीहंडीचा थर टिकतो.

आधी हे तपासा

पुढचे व्यायाम निरोगी माणसासाठी आहेत. मानेतून हाताकडे कळ जात असेल, हाताला मुंग्या येत असतील, मान फिरवली की चक्कर येत असेल, मणक्यांची झीज, संधिवात किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल, मानेला पूर्वी इजा झाली असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा. उच्च रक्तदाब असलेल्यांनी व्यायामात श्वास रोखू नये. किंबहुना कुणीच रोखू नये. प्रत्येक दाबाच्या वेळी मोठ्यानं आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

आणि एक हात जोडून विनंती. सलूनमध्ये डोक्याची चंपी झाल्यावर कडकड मान मोडून घ्यायची सवय असेल तर ती आजच सोडा. त्या झटक्यानं मान मोकळी झाल्यासारखी वाटते. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतूनच वर जातात. अशा झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याचे प्रकार वैद्यकीय नोंदींत आहेत.

दहा मिनिटांचा मानेचा व्यायाम

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. आधी खांदे गोल फिरवून आणि मान सावकाश चारी दिशांना नेऊन अंगाला ऊब येऊ द्या. मान गरागरा फिरवायची नाही.

१. हनुवटी आत. भिंतीला पाठ आणि डोक्याचा मागचा भाग टेकून उभे राहा. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागं घ्या, जणू कुणी समोरून नाकावर बोट टेकवायला आलंय. गळ्याखाली वळी पडली म्हणजे जमलं. पाच आकडे धरा, सोडा. दहा वेळा. आतल्या खोल स्नायूंसाठी हा पाया आहे. दिसायला क्षुल्लक, पण पुढच्या सगळ्या व्यायामांत मानेची हीच स्थिती ठेवायची आहे.

२. चार दिशांचा दाब. ताठ बसा. तळहात कपाळावर ठेवा. हातानं मागं दाबा आणि मानेनं त्याला विरोध करा. डोकं जागचं हलता कामा नये. सहा ते आठ आकडे मोजा आणि हळूहळू सोडा. मग हात डोक्यामागं, मग उजव्या कानशिलावर, मग डाव्या. प्रत्येक दिशेला पाच वेळा. पहिले दोन आठवडे निम्माच जोर लावा, नंतर थोडा थोडा वाढवा. दाब एकदम लावायचा नाही आणि एकदम सोडायचाही नाही.

३. डोकं उचलणं. चटईवर उताणे झोपा. हनुवटी आधी आत घ्या आणि मग डोकं जमिनीपासून फक्त दोन बोटं वर उचला. पाच ते दहा आकडे. पाच वेळा. मग पालथे पडून, कपाळ जमिनीपासून तेवढंच वर. मग दोन्ही कुशींवर. आमच्या मैदानावर शंभर बैठका मारणारी मुलं पहिल्या दिवशी इथं सहाव्या आकड्याला थरथरायला लागली. मान किती दुर्लक्षित होती ते त्यांचं त्यांनाच कळलं.

४. टॉवेलचा ताण. महिनाभर वरचं नीट जमलं की हा घ्या. टॉवेलची रुंद घडी कपाळावरून घ्या आणि तिची दोन्ही टोकं मागं उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात द्या. त्यानं हलके हलके ओढायचं, तुम्ही मान स्थिर ठेवायची. टॉवेल फिरवून चारही दिशा. ओढणाऱ्यानं हिसका देऊ नये, हे त्याला आधी बजावून सांगा.

५. अवचित येणारा ताण. हा फक्त खेळाडूंसाठी, साधारण दीड महिन्यानंतर आणि प्रशिक्षकासमोर. जोडीदार डोक्याच्या दोन्ही बाजूंना तळहात टेकवून कधी इकडून, कधी तिकडून, न सांगता हलका दाब देतो. खेळाडूनं डोकं मध्यावर राखायचं. जोर वाढवायचा नाही. स्नायूंनी पटकन जागं व्हायला शिकावं, एवढाच हेतू. मानेला वेळेवर हजर राहायची सवय इथं लागते.

६. खांद्यांची बैठक. दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या किंवा वजनाच्या पिशव्या घेऊन खांदे कानांकडे उचला, दोन आकडे थांबा, सावकाश खाली. पंधरा वेळा. जोर मारणाऱ्यांचे खांदे आधीच तयार असतात. मान उभी राहते ती खांद्यांवरच, म्हणून हे टाळू नका.

पैलवान डोकं जमिनीला टेकवून पाठीची कमान करतात, ते बघून घरी करायला जाऊ नका. त्यात अंगाचं बरंचसं वजन मानेच्या मणक्यांवर येतं. वस्तादाच्या देखरेखीखाली, लहानपणापासून टप्प्याटप्प्यानं ती कमान केलेल्यांची गोष्ट वेगळी.

व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी स्नायू जड वाटणं ठीक. कळ, मुंग्या किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. प्रशिक्षकांनी सामान तोलायचा आकड्याचा काटा आणि रुंद पट्टा घेऊन दर महिन्याला चारही दिशांची ताकद वहीत लिहून ठेवावी. पुढं ताकदवान आणि मागं कमजोर, किंवा एका बाजूला कमी, हे त्या वहीत लगेच दिसतं.

मैदानावर

कबड्डीत घोटा पकडताना नजर खाली जमिनीत गेली की डोकं गुडघ्याच्या वाटेत येतं आणि येणारा गुडघा दिसत नाही. शिकवा ते असं: नजर चढाईपटूच्या कमरेवर, डोकं त्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, हनुवटी किंचित आत आणि झेपावण्याआधी मान भरलेली. फुटबॉलमध्ये हेडर मारताना चेंडू कपाळानं घ्यायचा, डोळे उघडे, मान आणि धड एकत्र पुढं. लहान मुलांना मात्र हेडर शिकवायची घाई करू नका. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानं २०१५ साली दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांचं हेडर बंद केलं. इंग्लंडनं २०२० साली प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून ते काढलं. मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं असतं आणि मान अजून बारीक असते, हे त्यामागचं एक कारण.

मागं पडताना हनुवटी छातीला लावा. ज्युदोत पडायला शिकवतात तेव्हा पहिला धडा हाच असतो. पाठ आधी टेकते आणि डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आदळत नाही. हे गादीवर पन्नास वेळा केलं की एक्कावन्नाव्या वेळी, खरं पडताना, आपोआप होतं. बाथरूममध्ये पाय घसरला तरी उपयोगी पडेल असं हे शिक्षण आहे.

रस्त्यावर

दुचाकीवर मागं बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही. त्याची मान कायम बेसावध. म्हणून चालवणाऱ्यानं ‘खड्डा आहे’, ‘गतिरोधक येतोय’ असं मोठ्यानं सांगायची सवय लावावी. दोन शब्दांत मागच्याची मान तयार होते. मागं बसून मोबाइल पाहू नका. मान खाली वाकलेली असते आणि डोळे दुसरीकडे. धक्का बसायला याहून वाईट स्थिती नाही. रिक्षात आणि एसटीतही हेच.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचं घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा आवळून लावा. पट्टा मोकळा असेल तर पहिल्या धक्क्यात हेल्मेट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे जातं. हेल्मेटचं किलो-सव्वाकिलो वजनही मानेलाच पेलायचं असतं, म्हणून रोज लांब पल्ला मारणाऱ्यांनी वरचा व्यायाम जरूर करावा. मुलांनाही हेल्मेट हवंच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरच्या आतला वेग, असा नियम केंद्र सरकारनं २०२२ साली केला आहे.

गाडीत सीटच्या वरची डोकं टेकायची उशी शोभेसाठी नाही. मागून धडक बसली की सीट धडाला पुढं ढकलते आणि डोकं मागं राहून मानेला चाबकासारखा हिसका बसतो. हा हिसका मानेच्या स्नायूंना सुगावा लागायच्या आत सुरू होतो, म्हणून तिथं उशीनंच डोकं अडवायला हवं. उशीचं वरचं टोक निदान कानांच्या वर, शक्यतो डोक्याच्या माथ्याच्या पातळीत आणा. डोकं आणि उशी यांत तीन-चार बोटांपेक्षा जास्त अंतर नको. मानेमागं गुबगुबीत लोड अडकवू नका, त्यानं डोकं टेकायच्या जागेपासून लांब जातं. गाडी थांबलेली असताना मागचा वाहनचालक थांबत नाही असं आरशात दिसलं, तर डोकं उशीला टेकवा, नजर सरळ ठेवा, खांदे किंचित उचला.

तान्ह्यांची मान

जन्मतः बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा उरतं. एवढं मोठं डोकं आणि न धरलेली मान, म्हणून बाळ कितीही रडलं तरी त्याला गदागदा हलवायचं नाही. त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊन मूल दगावू शकतं किंवा जन्माचं अधू होऊ शकतं. लाडानं हवेत उडवून झेलणंही नको. रात्र रात्र रडणाऱ्या बाळापुढं आईबापाचा धीर सुटतो, हे मान्य. तेव्हा बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवा, दुसऱ्या कुणाला हाक मारा आणि दोन मिनिटं बाहेर जाऊन श्वास घ्या.

मानेची मर्यादा

जगात सर्वांत कसलेल्या माना फॉर्म्युला वनच्या चालकांच्या मानाव्या लागतील. वळणावर पृथ्वीच्या ओढीच्या पाचपट जोर येतो तेव्हा डोकं आणि हेल्मेट मिळून तीस किलोच्या वर भार त्यांची मान बाजूनं पेलते. तरीही २००३ पासून त्यांचं हेल्मेट खांद्यावरच्या एका चौकटीला पट्ट्यांनी जोडणं सक्तीचं आहे, कारण समोरासमोरच्या आदळण्यात कोणतीही मान एकटी पुरत नाही. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज २०१४ साली हेल्मेट घालूनच खेळत होता. चेंडू हेल्मेटखाली मानेवर बसला, मेंदूला रक्त नेणारी वाहिनी फाटली आणि तो गेला. बळकट मान हेल्मेटची, मॅटची, पंचांच्या शिस्तीची जागा घेत नाही. दहीहंडीच्या थरावरून पडणाऱ्याला तर हेल्मेट, गादी आणि दोरीच हवी.

धक्का बसलाच तर

शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. बेशुद्ध पडला नाही म्हणजे कन्कशन नाही, असं समजू नका. गोंधळलेली नजर, तोल जाणं, डोकेदुखी, मळमळ, उजेड-आवाज सहन न होणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, आपला संघ, आपली बाजू न आठवणं, यातलं एकही लक्षण पुरेसं आहे. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर लागला. डाव संपल्यावर तो मैदानात उतरला नाही आणि त्याच्या जागी युजवेंद्र चहल खेळला. जगापुढं चाललेल्या सामन्यात भारताचा खेळाडू बाहेर बसू शकतो, तर तालुक्याच्या स्पर्धेतला मुलगाही बसू शकतो.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांचा आकार वेगळा, नाक-कानातून रक्त किंवा पाणी, हातापायांत कमजोरी, मानेत तीव्र वेदना, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. मानेची इजा वाटत असेल तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत स्थिर धरून मदत येईपर्यंत बोलत राहा. इतर वेळी पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, आणि पुढं डॉक्टरांच्या सल्ल्यानं टप्प्याटप्प्यानं खेळाकडे.

आमचा तो मुलगा आता दहावीत आहे. मानेच्या व्यायामाची दहा मिनिटं तोच घेतो. नव्या मुलांना जमिनीवर उताणं झोपवतो, हनुवटी आत घ्यायला सांगतो आणि डोकं उचललं की त्यांच्या डोक्याखालच्या दोन बोटांच्या फटीत आपली बोटं घालून बघतो. कुणाचं डोकं खाली यायला लागलं की त्याचा तळहात आधीच तिथं असतो.